बंद पडद्यावरचे चार सेकंद

१९५८ साली अमेरिकेतल्या ड्युलुथ गावच्या हौशी फिल्म क्लबचा वार्षिक खेळ एप्रिलात झाला, तेव्हा सरोवरावरचा बर्फ फुटायचा होता आणि टोइवो लाहती वारला त्याला नऊ आठवडे झाले होते.

क्लबची एक रीत होती. प्रेक्षकांना कोरा पांढरा पडदा कधी दिसू द्यायचा नाही. दिवे मंद व्हायचे, तबकडी वाजू लागायची, फिल्मचे नाव त्यापुढच्या बंद, कापडी दर्शनी पडद्याच्या चुण्यांवर उमटायचे, आणि मग तो पडदा सरकायचा. बावीस वर्षे पडद्याची दोरी टोइवोच्या हाती, आणि प्रोजेक्टर त्याच्या बायकोच्या, हिल्माच्या.

त्याच्या शेवटच्या फिल्मला नावच नव्हते. नुसता बर्फ.

"सुरुवातच नाही गं हिला," क्लबचा अध्यक्ष ऑर्व्हिल हिल्माला म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी कोण आठवण काढतंय त्याची? तू?"

"मी काढीन की. माझे दोन गळ घेऊन गेलाय तो."

"मग दोरी तूच ओढ. सुरुवात मी आणते."

रिळाचे पहिले काही फूट उजेड लागून वाया जात. क्लबातले सगळेच ते कापून फेकत. टोइवो मात्र कॉफीच्या डब्यात साठवी. त्यातल्या एका तुकड्यात, कॅमेरा चालतोय का ते बघायला, त्याने तो स्वतःकडे वळवला होता. चार सेकंद. उजेडाने अर्धा खाल्लेला चेहरा, हलणारे ओठ. इतक्या वर्षांत तो स्वतः एकाही फिल्ममध्ये आला नव्हता. हिल्माने तुकडा सुरुवातीला जोडला.

खेळाच्या दिवशी टोइवो बंद पडद्यावर उमटला. चुण्या हलल्या, आणि त्याने श्वास घेतल्यासारखे वाटले. पुढच्या रांगेत कुणीतरी पुटपुटले, "इकडेच बघतोय की."

पडदा सरकला. एका दमात, कुठेही न अडकता. मागे बर्फ पसरला.

खेळ संपल्यावर ऑर्व्हिल पडद्याआड खुर्चीत बसलेला सापडला.

"मी नाही ओढली, हिल्मा. त्याच्या तोंडावरून पडदा ओढायला माझा हात होईना. दोरी आपसूक पळाली." त्याने तळहात दाखवला. लाल वळ होता.

"त्याला दुसऱ्याच्या हातात दोरी दिलेली कधी चाललीच नाही," हिल्मा म्हणाली, आणि रीळ गुंडाळू लागली.

ऑर्व्हिल पुन्हा दोरीला शिवला नाही. मुलीकडे अॅरिझोनात राहायला गेला, तिथेच वारला. क्लब पुढे मोडला. टोइवोची ती फिल्म जुनी होऊन, आंबट वास येऊन आखडली. हिल्मा एक्याऐंशी साली गेली. जुने कुणी भेटले की ती विचारायची, "त्या दिवशी दिसला होता ना तो?" ज्याने पाहिले होते तो मान डोलवायचा, आणि लगेच निघायला म्हणून टोपी शोधू लागायचा.