आंजीची मॅरेथॉन

"मान वर कर बेटा, फेटा ढिला होऊन राह्यला," प्रभाकरराव म्हणाले आणि त्यांनी जागृतीच्या डोक्याभोवती आणखी एक वेढा मारला.

फेटा बांधून धावता येतं का, हा मुद्दा सत्कार समितीच्या बैठकीत निघाला नव्हता. तिथे डीजे कोणाचा आणि बॅनरवर फोटो कोणाचा मोठा यावरच बराच वेळ गेला होता. समितीचे अध्यक्ष प्रभाकरराव. आंजी गावातलं कृषी केंद्र त्यांचं. साहजिकच बॅनरवर ते मोठे होते. त्यांच्या कोपराखाली जागृती, तोंड उघडं टाकून धावणारी. 'आंजी मॅरेथॉन' ही अक्षरं तिच्या पायांवरून गेली होती. फाट्यापासून शाळेच्या मैदानापर्यंत तीन किलोमीटर. समितीच्या मते मॅरेथॉन हे अंतर नसून भावना होती.

धाव सकाळी सातला सुटायची होती. आता ऊन चढलं होतं आणि प्रमुख पाहुणे, म्हणजे साहेब, हिंगणघाटहून निघाल्याचं तिसऱ्यांदा जाहीर झालं होतं. मधल्या वेळात माईकवरचा सचिन जागृतीला आंतरराष्ट्रीय धावपटू करून मोकळा झाला होता. प्रत्यक्षात ती परराज्यातल्या एका मोठ्या मॅरेथॉनमध्ये तिसरी आली होती. पण माईकवर तिसरी म्हटलं की टाळ्या पडत नाहीत.

"काका," जागृती हळूच म्हणाली, "माह्या पायाचं सांगतलं होतं न मी तुम्हाले."

"काय झालं पायाले?"

"नळीच्या हाडाले बारीक चीर हाय. डॉक्टर म्हणे चालजो, पन महिनाभर धावू नको. पुढच्या महिन्यात निवड चाचणी हाय माही."

"अवं, तू बेचाळीस किलोमीटर धावतेस. हे तर तुह्यासाठी दुकानात जाऊन येनं हाय," प्रभाकररावांनी फेट्याचा तुरा सरळ केला. "डुलत डुलत होऊन जाईन. टेन्शन नको घेऊ."

चाचणीत निवड झाली तर राष्ट्रीय शिबिर. शिबिरातून खेळाच्या कोट्यातली नोकरी. आणि नोकरी लागली की बाबांच्या पाठीवरचं पोतं उतरणार. एवढं सगळं त्या नळीच्या हाडावर उभं होतं. म्हणून जागृती सकाळपासून डाव्या पायावर भार टाकून उभी होती.

बाबा म्हणजे रूपराव एके काळी शंकरपटातले, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीतले, नामी धुरकरी होते. छकड्यावर वाकून ते बैलजोडी अशी सोडत की धूळ खाली बसेपर्यंत निकाल लागलेला असे. सरावाला माणसं कमी पडत. सुटलेली जोडी पट्टीच्या पार गेली की तिच्यामागे पळत जाऊन कासरा धरायचं काम लहानग्या जागृतीकडे होतं. बैल थांबत नसत, त्यामुळे तीही थांबायला शिकली नाही. पुढे शाळेतल्या धम्मदीप सरांनी तिला तालुक्याला, मग जिल्ह्याला नेलं. तिथल्या पोरी बैलांपेक्षा सावकाश धावत होत्या. दरम्यान पटावर बंदी आली आणि रूपरावांनी जोडी विकली. बंदी उठली तेव्हा ते प्रभाकररावांच्या दुकानात खताची पोती उचलत होते.

काल संध्याकाळी ती त्यांना म्हणाली होती, "बाबा, पाय दुखनाऱ्या बैलाले तुम्ही कधी पटात जुंपलं का?"

"नाई."

"मंग मले काऊन म्हणता धाव म्हणून?"

रूपरावांनी तळहात चोळले. "बैल माहे होते," ते म्हणाले. "तू आता गावाची झाली."



साहेब आले. त्यांनी आधी भाषण केलं, मग झेंडा शोधला. प्रभाकररावांनीही दोन शब्द बोलताना, या पोरीच्या पायांत आपल्या म्हशीचं दूध आहे, असं सांगितलं. म्हशीसाठी टाळ्या पडल्या. झेंडा हलला, पुढच्या ट्रॅक्टरवर डीजे सुरू झाला आणि शाळेची पोरं ओरडत सुटली.

जागृती चार पावलं धावली. पाचव्या पावलाला हाडात आत कुठेतरी सुई फिरली. तिने फेटा काढून हातावर टाकला आणि ती चालू लागली.

सुरुवातीला लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, आधी चालायचं, मग धावायचं, अशी काही पद्धत असेल. पोरं दिसेनाशी झाली तरी ती चालतच राहिली. ट्रॅक्टरवाला मागे बघत वेग कमी करत गेला आणि शेवटी त्याचं इंजिन बंद पडलं. मागे साहेबांची गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत होती.

ओट्यावरची एक म्हातारी म्हणाली, "काऊन वं, इतक्यातच थकली?"

"नाई मावशी. पाय जपून राह्यली."

"जप बाई. मी नाई जपले, पाय आता मीच उचलून राह्यली."

प्रभाकररावांची स्कूटर शेजारी आली. "धाव न बेटा. बस दहा पावलं, व्हिडिओपुरती. साहेब पाहून राह्यले."

"नाई काका."

"गावाची इज्जत हाय."

"गावातूनच चाललीय न मी."

प्रभाकरराव थोडा वेळ तिच्या चालीने स्कूटर चालवत राहिले. त्यासाठी त्यांना दोन्ही पाय जमिनीवर घासावे लागत होते. मग अगदी साध्या आवाजात, सामान मागवल्यासारखे ते म्हणाले, "बरं. रूपरावले विचारजो, सोमवारी दुकानात येनार हाय का थो. का मी दुसरा मानूस पाहू."

जागृतीची पावलं आपोआप वेगात पडली. चार, पाच, सहा. हाड कळवळलं. रस्ता सरळ होता, मैदान अजून लांब होतं. पोतं उतरवायला निघालेली ती. इथे तर पोटावरच आलं होतं. पण पाय गेला तर पोतं कायमचंच. ती परत चालीवर आली. स्कूटर निघून गेली. मागोमाग साहेबांची गाडी तिला वळसा घालून गेली. तिच्या धुळीने जागृतीला ठसका लागला.

मैदानावर ती पोहोचली तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती. धाव जिंकलेला पोरगा ट्रॉफीत पाणी पीत होता. साहेब पुढच्या कार्यक्रमाला गेले होते आणि सगळं गाव तर्रीपोह्यांच्या रांगेत होतं. प्रभाकरराव रांगेच्या तोंडाशी उभे राहून पाठ करून बोलत होते. सचिनने तिला पाहिलं, माईक तोंडाशी नेला आणि परत खाली ठेवला.

मैदानाच्या टोकाला रूपराव तेवढे जागेवर होते. समितीने त्यांना शेवटच्या रेषेवरची फीत धरायला उभं केलं होतं. पलीकडचा माणूस आपलं टोक खांबाला बांधून पोहे खायला गेला होता. पोरांनी फीत केव्हाच छातीने ओढून नेली होती. रूपरावांनी ती परत लावली होती, पण मधोमध ती धुळीत लोळत होती. स्कूटर त्यांच्याकडे थांबून गेली असणार, हे त्यांच्या पडलेल्या खांद्यांवरून दिसत होतं.

ते तिच्या तोंडाकडे बघत नव्हते. जोडी फिरवून आणताना बघावं तसे ते तिच्या पायाकडे बघत होते. उजवा, डावा, पुन्हा उजवा.

जागृती मैदानात थांबली. "बाबा, थो सोमवारचं..."

"आयकलं मीनं."

रूपराव दोन पावलं मागे सरले. धुळीतली फीत उचलली गेली. त्यांनी ती दोन्ही हातांनी छातीच्या उंचीवर ताणून धरली.

"सावकाश येजो," ते म्हणाले.