उलटगंगा महाराजांची दोणी

मोताळ्याच्या बाजारात त्या दिवशी बैलांकडे कुणी बघेना. सगळी गर्दी गुरांना पाणी पाजतात तसल्या एका लांबलचक लाकडी दोणीभोवती. दोणीच्या मधोमध फळी होती; तिच्या एकीकडे निर्मळ पाणी, दुसरीकडे कुंकवानं लाल केलेलं. उलटगंगा महाराज ती फळी उचलत आणि कुणी हात न लावता पाणी दोन्हीकडे चालू लागे: वरचं निर्मळ एका बाजूला, खालचं कुंकवाचं लाल दुसऱ्या बाजूला.

"वर जित्यांची गंगा, खाली मेल्यांची," महाराज ओरडत. "नावाची गोळी टाकतो. जिता असेल तर वरून घरच्यांकडे जाईल, मेला असेल तर खालून आमच्याकडे. आम्हाला काय हवं? एक गाय घेतो आणि त्याला पार करतो."

महाराजांच्या राहुटीमागे सहा गाई रवंथ करत होत्या.

वाहेद मनियार बांगड्यांच्या टोपल्यापाशी बसून हे ऐकत होता आणि त्याचं डोकं तडकत होतं. कारण आता पाळी देऊळघाटच्या उकंडरावांची होती. त्यांचा मुलगा कडूबा इंग्रजांच्या मजूर पलटणीतून समुद्रापार, इराकातल्या बसऱ्याच्या लढाईवर गेलेला; आठ महिने पत्र नव्हतं. महाराजांनी फळी उचलली, गोळी सोडली. ती बुडाली आणि तळातून सरकत महाराजांकडे गेली.

"गेला," महाराज म्हणाले. "दिवस मावळायच्या आत सुनेच्या बांगड्या फोडा. नाहीतर घरातला आणखी एक जाईल."

उकंडरावांनी रडत रडतच दगड उचलला. सून शालूबाई दगडावर हात ठेवून बसली होती. पहिला घाव पडला, एक बांगडी तडकली. वाहेदनंच लग्नात भरलेली.

"थांबा उकंडराव!" वाहेद गर्दीत घुसला. "हजच्या वाटेवर म्या हेच पाह्यलं. लाल समुद्र म्हंजे पिशवीवानी, तोंड एवढुसं. आतलं पाणी उन्हानं आटते, खारं होते, खाऱ्यानं जड होते. ते खालून भाईर निंगते, अन् त्याच्या जागी भाईरचं हलकं वरून आत येते. आमची आगबोट तोंडापाशी नांगरली होती. खलाशानं दोरीले बालटी बांधून खोल सोडली. वरचा कचरा आत जाय, अन् बालटी दोरीले भाईर ओढे. बसऱ्याचा समुद्र बी असाच. अन् तो खलाशी काही महाराज नव्हता. बिडी ओढून राह्यला होता."

"चाचा, हजहून आले तं काही चमत्कार सांगा," कुणीतरी हसलं. "तीन वर्सं झाले, बालटीच सांगता."

तीन वर्षं! भिंतीला सांगितलं असतं तर भिंत तरी हलली असती. खालचं पाणी खारं आहे का ते चाखायला वाहेद वाकला, तर चार हातांनी त्याला मागं ओढलं. "पाण्याले बोट लावू नका चाचा. बाटन."

वाहेद भडकला. "तुमच्या लेकीबाळीचे हात धरून बांगड्या भरतो, तवा नाही बाटत? पाण्यानंच काय घोडं मारलं?"

दोघांनी माना खाली घातल्या. हात मात्र कुणी सोडले नाहीत.

"बरं, मी नाही लावत. तुमच्यातलं कोणी चाखा. वरतं चाखा अन् खालतं चाखा. एवढं तं करा बे!"

कुणी हलेना. तेव्हा शालूबाई उठली. वरच्या पाण्यात बोट बुडवून तिनं जिभेला लावलं. मग कोपरापर्यंत हात घालून तळाचं पाणी चाखलं आणि थुंकली.

"वरतं गोडं हाय. खालतं खारट, लोणारच्या खारावानी."

"मेल्यांचे आसू खारटच असतात, बेटी," महाराज झटकन म्हणाले.

"मंग हे काय?" शालूबाईनं त्यांच्या मांडीजवळची गोळ्यांची थैली उलटी केली. काही गोळ्या भेंडाच्या, फुंकरीनं उडणाऱ्या. बाकीच्या मेणात वाळू कालवलेल्या.

आता लोकांनाच चेव आला. फळी लावून दोणी पुन्हा भरली: महाराजांच्या बाजूला विहिरीचं पाणी, दुसरीकडे त्यांच्याच राहुटीतल्या झाकलेल्या रांजणातलं लाल खारं. शालूबाईनं महाराजांच्याच नावानं वाळूची गोळी धरली. फळी उचलली, गोळी सोडली. ती तळातून सरकत थेट महाराजांच्या पायांशी गेली.

"महाराज वारले," मागून एक जण म्हणाला. बाजार खदखदून हसला. ज्यांच्या गाई होत्या ते राहुटीकडे धावले.

उकंडराव वाहेदपाशी आले, हात जोडून. "चाचा, आता भेंडाची गोळी टाकू काय? म्हंजे कडूबा जित्ता निंगन."

वाहेदनं कपाळावर हात मारला. एवढी घसाफोड केली ती कुणासाठी?

"नका टाकू मामाजी," शालूबाई म्हणाली. "पाण्याले काय माईत? मले बी माईत नाही. माईत होत नाही तोवर बांगड्या राहतीन. चाचा, पलटणीच्या साहेबाले कागद कोठून धाडतात?"

"बुलढाण्याच्या डाकघरातून. मी येतो संगं." वाहेदनं टोपलं पुढं ओढलं, तिचा ओला हात धरला आणि तडकलेली बांगडी काढून नवी भरली. हाताला दोणीचं पाणी लागलेलं होतं. या वेळी कुणी बाटण्याचं नाव काढलं नाही.

बाबांनो, जड पाणी खाली जातं, हलकं वर येतं. समुद्रात तसंच, दोणीत तसंच. त्याला कुणाचं नाव वाचता येत नाही. बाईच्या बांगड्यांवर दगड उचलण्याआधी पाण्यात एक बोट बुडवून बघा.