कामिशतूत आधी कोण आलं

मुकाश बायकेने, म्हणजे आमच्या मुकाशदादाने, दोरीच्या टोकाला दगड बांधला, टोपी मागे सरकवली आणि दगड कालव्यापलीकडे भिरकावला. आधी दोनदा तो पाण्यात पडला होता. या खेपेला पलीकडच्या अंगणात, जर्दाळूच्या झाडापाशी जाऊन पडला. जुमागुल तिथेच उकिडवी बसून बुंध्याला चुना लावत होती. दगड तिच्या बादलीपासून हातभर अंतरावर आदळला, तरी तिने मान वर केली नाही.

"जुमागुल एजे, तेवढं टोक धरा," मुकाश ओरडला. "पुलासाठी रुंदी मोजायची आहे."

"ज्यांच्या अंगणातून दोरी आली त्यांना तोंड नाही का?" जुमागुलने कुंचला बादलीत बुडवला. "त्यांनी सांगावं. मग धरते."

ज्यांच्या अंगणातून दोरी गेली होती, त्या बुरमाकान आपा मागे लाकडी चौथऱ्यावर लोकर पिंजत बसल्या होत्या. त्यांनी लोकरीवरची नजर न काढता मुकाशला सांगितलं, की तिला म्हणावं, शेजारधर्म म्हणजे काय हे आधी शिकून ये. मुकाशने हा निरोप पोचवला नाही. तशी गरजही नव्हती. कालव्यावरून आवाज छान जातो.

मुकाश पूर्वी बस चालवायचा. आता तो आमच्या वस्तीचा प्रमुख आहे, कारण हे काम दुसऱ्या कोणाला नको होतं. त्याने हातातलं टोक कुंपणाच्या खांबाला बांधलं आणि तो चौथऱ्यावर येऊन बसला. दोरी मधोमध लोंबत पाण्यात बुडाली होती.

आमच्या कामिशतूचा भूगोल सांगायला फार वेळ लागत नाही. दक्षिणेला बर्फाचे डोंगर, उत्तरेला शहराला वळसा घालून जाणारा हमरस्ता, एका बाजूला विजेचे मनोरे, दुसऱ्या बाजूला शहराच्या कचऱ्याची टेकडी, आणि या सगळ्याला मधोमध चिरत गेलेला कालवा. अलीकडे नारिनची आणि तालासची माणसं, पलीकडे दक्षिणेतल्या ओश आणि उझगेनची. असं कोणी ठरवलं नव्हतं. पहिल्याने जिथे घर बांधलं, तिथे त्याचा मेहुणा आला, मेहुण्यामागे मेहुण्याचा गाववाला. अलीकडचे पलीकडच्यांना भातखाऊ म्हणतात, पलीकडचे अलीकडच्यांना घोडेखाऊ. दोन्ही खरं आहे, त्यामुळे कोणाला राग येत नाही.

त्या वसंतात जनगणना झाली. अलीकडे नऊशेच्या आसपास माणसं भरली, पलीकडे हजाराच्या जरा वर. प्राथमिक शाळेसाठी एका वस्तीत दीड हजार तरी लागतात. मुकाश आनंदाने कचेरीत गेला आणि तोंड पाडून परत आला. ज्या दोन काठांमध्ये जायला वाट नाही, ती एक वस्ती कशी, असं तिथल्या बाईंनी विचारलं होतं. पूल दाखवा, शाळा घ्या.

पूल बांधायला लोखंड जमलं होतं, वेल्डर घरचाच होता. पण कालव्याचे काठ सगळीकडे रुंद आणि घसरडे. फक्त एके ठिकाणी, पाणी अडवायच्या जुन्या झडपेचे दोन दगडी खांब समोरासमोर उभे आहेत, तिथेच पूल टेकू शकतो. एक खांब बुरमाकान आपांच्या अंगणात, दुसरा जुमागुलच्या. इथेच घोडं अडलं होतं.

जागा देणार नाही, असं दोघींपैकी एकीनेही म्हटलं नव्हतं. आधी तिने विचारावं, एवढंच दोघींचं म्हणणं होतं.

भांडण जुनं होतं, आणि जेवणाचं होतं. शेजारी नवं बिऱ्हाड आलं की आधीच्याने त्याला घरी बोलावून पहिलं जेवण घालायचं, त्याला आमच्यात ओरुलुक म्हणतात. गरिबातला गरीबही ते चुकवत नाही. निदान पाव आणि चहा तरी समोर ठेवतो. बुरमाकान आपांना पलीकडून ते जेवण कधी आलं नाही. इतक्या वर्षांत त्या हे विसरल्या नव्हत्या आणि आम्हालाही त्यांनी विसरू दिलं नव्हतं. लग्न असो, बारसं असो, चहाचा दुसरा पेला झाला की विषय निघायचाच. तिसऱ्या पेल्याला दुसरा विषय निघायचा, की कामिशतूत पहिलं घर माझं. मी आले तेव्हा इथे बोरूचं बेट होतं आणि कोल्हे ओरडत होते.

आम्ही दोन्ही गोष्टी ऐकायचो आणि माना डोलवायचो. त्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहायचं आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही.

सून झिबेक चहा घेऊन आली. मुलगा मॉस्कोत बांधकामावर होता. घरात सासू, सून आणि सात वर्षांची आदिना. पोरगी रोज हमरस्त्याच्या कडेने चालत मिनीबसच्या थांब्यावर जायची आणि गाडीला लोंबकळत शहरातल्या शाळेत पोचायची. हिवाळ्यात झिबेकने शांतपणे सांगून टाकलं होतं, की शरदापर्यंत इथे शाळा झाली नाही, तर ती पोरीला घेऊन तालासला माहेरी जाईल. धमकी नव्हती ती. त्या रस्त्यावर मागच्या वर्षी शाळेला निघालेलं एक पोर ट्रकखाली गेलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवसापासून रात्री बुरमाकान आपा पोरीला स्वतःच्या अंथरुणात घेऊन झोपू लागल्या.

मुकाशने चहाचा घोट घेतला आणि लाडीगोडी लावून पाहिली. पुलाच्या उद्घाटनाला भाषण मीच करणार, म्हणाला, आणि पहिलंच वाक्य असेल की या वस्तीत सर्वांत आधी बुरमाकान आपा आल्या.

"मोठ्याने म्हण," आपांनी सांगितलं. "पलीकडे ऐकू गेलं पाहिजे."

झिबेक पेला भरत होती. आमच्या सुना सासूसमोर फार बोलत नाहीत. तिने पेला दोन्ही हातांनी पुढे केला आणि खाली बघत विचारलं,

"आपा, आमच्या तालासला जो आधी आलेला असतो तो नव्याला ओरुलुक घालतो. नारिनला उलटं असतं का?"

मुकाशने पटकन पावाचा तुकडा तोंडात कोंबला. आपांनी पेला घेतला, पण ओठाला लावला नाही. मग पेला खाली ठेवून त्यांनी पुन्हा लोकर ओढली, आणि पिंजलेलीच लोकर परत पिंजू लागल्या. झिबेक किटली घेऊन आत गेली. मुकाशला घरी जायची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपांनी आदिनाचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर अडकवलं. आज मी सोडते, म्हणाल्या. कुठे जायचं झालं की त्या गाडीनेच जायच्या, त्या रस्त्याने कधी चालल्या नव्हत्या. कडेला पायवाट अशी नाहीच. गटार आणि डांबर यांच्यामध्ये वीतभर खडी. मागून एक मालट्रक गेला आणि त्याच्या वाऱ्याने आपांच्या डोक्यावरचा रुमाल उडून गटारात पडला. त्या जागीच थिजल्या. आदिना मात्र सरावाने गटाराकडे सरकून, डोळे मिटून उभी राहिली होती, धूळ खाली बसेपर्यंत. मग तिने डोळे उघडले आणि आजीचा रुमाल काढून दिला.

"रोज असंच उभं राहायचं असतं," ती म्हणाली. "मग काही होत नाही."

पोरीला गाडीत बसवून आपा परत आल्या त्या घरात गेल्याच नाहीत. अंगण ओलांडून थेट झडपेच्या खांबापाशी गेल्या. दोरी कालच्यासारखीच पाण्यात बुडून होती. पलीकडे तिच्या टोकाच्या दगडावर चुन्याचे शिंतोडे होते, पण दगड हललेला नव्हता. जुमागुल दुसऱ्या झाडाला चुना लावत होती.

"जुमागुल," आपांनी हाक मारली. इतक्या वर्षांत त्यांनी हे नाव पहिल्यांदा तोंडात घेतलं होतं. धुणं वाळत घालणारी झिबेक थांबली. "मी आधी आले. तेव्हा ओरुलुक माझ्याकडे लागतं. रविवारी बकरं कापते. जेवायला ये."

जुमागुलने कुंचला खाली ठेवला. गुडघ्यावर हात टेकून उठली, काठापर्यंत आली. पाणी चढलेलं होतं.

"तू आलीस तेव्हा कालवा कोरडा होता," ती म्हणाली. "हिवाळ्याच्या तोंडावर. तुझ्या सामानाच्या गाडीचं चाक चिखलात रुतलं होतं. आठवतं?"

आपांना आठवत होतं. बोरूतून एक माणूस आला होता, लोकरीचे बूट घातलेला, डोक्यावर दक्षिणेकडची टोपी. त्याने खांदा लावून गाडी बाहेर काढली होती आणि चहालाही न थांबता कालव्याच्या कोरड्या पात्रात उतरून निघून गेला होता. कुठला, कोणाचा, हे विचारायचं राहून गेलं होतं.

"तो टोपीवाला?"

"आमचे हे," जुमागुल म्हणाली. "घरी येऊन म्हणाले, समोर बिऱ्हाड आलंय, भात टाक. मी तांदूळ भिजत घातले. सकाळी तुझ्या दाराला कुलूप. थंडी काढायला नारिनला परत गेलीस म्हणे. वसंतात तू आलीस तोवर कालव्याला पाणी सोडलं होतं. पातेलं डोक्यावर घेऊन हमरस्त्याने फिरून यायचं म्हणजे... आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. मग हे गेले. मग तू गावभर बोलत सुटलीस आणि माझंही डोकं फिरलं."

आपा खांबाला धरून उभ्या होत्या. जुमागुलचा नवरा वारला तेव्हा पलीकडून रडण्याचा आवाज आला होता, तो त्यांनी इथूनच ऐकला होता आणि दार लावून घेतलं होतं. आता त्यांनी दोन्ही तळवे समोर धरले, ओठांतल्या ओठांत गेलेल्यासाठी दुआ म्हटली आणि तळवे चेहऱ्यावरून खाली फिरवले. पलीकडे जुमागुलने चुन्याने पांढरे झालेले हात तसेच वर केले आणि चेहऱ्यावरून फिरवले. तिच्या गालावर पांढरे पट्टे उमटले.

"तर आधी आम्ही आलो," जुमागुल म्हणाली. या एका बाबतीत ती माघार घेणार नव्हती. "ओरुलुक माझं देणं आहे. जेवायला तूच यायचंस."

वाळत घालायचं कापड छातीशी धरून झिबेक सासूकडे बघत राहिली. पहिलं घर माझं, हे वाक्य सोडून देणं आपांना किती जड जाणार, हे आमच्यात तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

आपांनी डोक्यावरचा ओला, मळका रुमाल नीट केला.

"येईन," त्या म्हणाल्या. "पण त्या रस्त्याने येणार नाही. नातीलाही पाठवणार नाही. समोरून येईन."

जुमागुलने मागे वळून पाहिलं. मग ती चार पावलं गेली, वाकली, आणि दगडाशेजारचं दोरीचं टोक उचलून जर्दाळूच्या पांढऱ्या बुंध्याला बांधू लागली.

"भाताला गाजर जास्त घालते मी," ती पाठमोरीच म्हणाली. "चालेल ना तुम्हा घोडेखाऊंना?"

दोरी ताणली गेली आणि पाण्यातून वर आली. झिबेकने हातातलं कापड तसंच बादलीत टाकलं आणि मुकाश बायकेला बोलवायला ती फाटकाकडे पळाली.