शकिलाबाईच्या गुडघ्याची खबर

मी नस बोलतेय. रक्त वाहणारी नव्हे, गुडघ्याची खबर डोक्यापर्यंत नेणारी. वडशाच्या शकिलाबाईच्या उजव्या मांडीत माझं आयुष्य गेलं.

शकिलाबाई झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांचे कपडे शिवायची. मशीन पायाची. हंगाम आला की पाय थांबत नसे. झिजता झिजता गुडघ्यात हाडावर हाड घासू लागलं. ती प्रत्येक घासणी मी वर कळवायचे. दुसरं काम मला येतच नाही.

माझी खबर पोचली की सारं शरीर घाबरायचं. छाती धडधडायची, रक्तदाब चढायचा, साखर उसळायची. तिला मधुमेह, त्यात हृदय नाजूक. एकदा गुडघा बदलायच्या ऑपरेशनच्या टेबलापर्यंत जाऊन ती परत आली. डॉक्टर म्हणाले, जोखीम आहे. वाटेत ती नवऱ्याला, नूर मोहम्मदला, म्हणाली, "राहू द्या जी. लंगडतच काढीन आता."

त्याने ऐकलं नाही, तिला चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. तिथे भूल देणाऱ्या डॉक्टर रंजीता खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या.

"बाई, तुमाले पूरं बेहोश नाई करत. कमरेखालचं अंग सुन्न करू. मग मांडीतल्या नसेजवळ औषध सोडू, म्हणजे नंतरही कमी दुखंल."

"अन् माह्या दिलाचं?"

"दुखण्याची खबर वर कमी गेली, तर दिलावरचा ताणही कमी. मी बाजूलेच बसून राहीन."

कमरेखालचं अंग सुन्न झाल्यावर सोनोग्राफीच्या पडद्यावर त्यांनी मला शोधलं. औषध माझ्याभोवती पसरलं आणि जन्मात पहिल्यांदा मी गप्प झाले. खाली करवत चालली, हातोडी पडली. शकिलाबाई मात्र डॉक्टरांना शालूला जरीची किनार कशी लावतात ते सांगत होती. नाडी संथ, साखर आवाक्यात.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली. गुडघ्यामागच्या नसा, माझ्या बहिणी, कमरेची भूल उतरल्यापासूनच कुरकुरत होत्या. मीही खबर दिली. शकिलाबाईने सिस्टरला हाक मारली, "दुखून राह्यलं. गोळी द्या." मग वॉकर धरून ती दारापर्यंत चालली. नूर मोहम्मद भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता.

लोकहो, मला वैरी समजू नका. मी आणलेली खबर गिळू नका, इलाज करणाऱ्याला सांगा.

आता ती बाजारात चालत जाते. ऑपरेशनची चीर देताना माझी एक बारीक फांदी तुटली, म्हणून गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला तिला स्पर्श कळत नाही. नूर मोहम्मद तेल लावायला बसतो, तेव्हा ती विचारते, "हात ठेवला का जी?"

"ठेवला," तो म्हणतो.

एवढी एक खबर माझ्याच्याने जात नाही. ती त्याने देत राहावी.