उत्तर द्यायचं नाही

आमच्या गावात कुणाच्या घरात शिरायचं तर दारातच म्हणायचं, "येशू ख्रिस्ताची स्तुती असो." आतून उत्तर यायचं, "युगानुयुग, आमेन." आत कुणी कणीक मळत असो की नवऱ्याशी भांडत असो, उत्तर येणारच. भांडण तेवढ्यापुरतं थांबायचं आणि आमेन झालं की पुन्हा सुरू. हे कुणी मुद्दाम शिकवत नाही. पोरगं बोलायला लागलं की स्वतःच्या नावाआधी हे त्याच्या तोंडात बसतं. आणि एकदा बसलं की तोंड डोक्याला विचारत नाही, आपलं आपण बोलून मोकळं होतं.

त्या माणसाने पोरांना पकडायला हेच वापरलं. मेल्याला सुचलं कसं देव जाणे, पण सुचलं.

ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस होते. जिल्ह्याहून जीप आली. हा उतरला, हातात चामड्याची बॅग, पायात आमच्या चिखलाला न शोभणारे बूट. सरळ दुसरीच्या वर्गात शिरला, टोपी काढली आणि घरच्याच कुणा काकासारखं म्हणाला, "येशू ख्रिस्ताची स्तुती असो." वर्गातली काही पोरं ताडकन उभी राहिली आणि खणखणीत आमेन म्हणून मोकळी झाली. वर्गाच्या बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्या तरी काय करणार? मग त्या माणसाने एकेका पोराला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, शाब्बास, हे कोण शिकवतं बाळा? प्रार्थना कुठे म्हणता? अजून कोण कोण येतं?

रशियनांचं राज्य होतं. चर्चला कुलूप नव्हतं, म्हाताऱ्यांनी जायचं तर खुशाल जावं. पण लहान पोरांना देवाचं शिकवायचं नाही. शिकवलं तर आईबाप नालायक ठरायचे आणि पोरं लांबच्या सरकारी वसतिगृहात जायची. स्तुल्गिसांच्या धाकटीने त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हटलं होतं. ईस्टरच्या आठवडाभर आधी झावळ्यांचा रविवार येतो, त्याच्या आतच तिला आणि तिच्या बहिणीला घेऊन गेले. त्यांची आई एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, अशी जीपमागे गिरणीपर्यंत धावली. मी शिलाईच्या मशीनवर बसले होते, खिडकीतून बघितलं. उठून बाहेर जायची हिंमत झाली नाही, खरं तेच सांगते.

विलिया त्याच दुसरीच्या वर्गात, पण तो माणूस आला त्या दिवशी गालगुंडामुळे घरी होती म्हणून वाचली. विलिया म्हणजे माझी धर्मकन्या. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातावर घेऊन मी उभी होते. हिला श्रद्धेत वाढवीन असं फादरांपुढे मीच कबूल केलं होतं. तिचा बाप जंगलात लाकूडतोडीवर असताना झाडाखाली सापडून गेला. राहिल्या दोघी, विलिया आणि तिची आई तेओफिले. तेओफिले सामुदायिक शेताच्या गोठ्यावर गाई पिळायला जायची, तेवढा वेळ पोरगी माझ्याकडे. वाळलेल्या अळंब्या निवडता निवडता मी तिला दहा आज्ञा शिकवायचे, पापनिवेदन कसं करायचं ते शिकवायचे. जून महिन्यात तिचा पहिला ख्रिस्तप्रसाद व्हायचा होता, म्हणजे फादरांच्या हातून वेदीवरची पवित्र भाकर ती पहिल्यांदा घेणार होती. पोरगी हुशार. मध्येच असा प्रश्न विचारायची की मलाच घाम फुटायचा. देव जीपमध्ये बसतो का, असं एकदा विचारलं होतं.

स्तुल्गिसांच्या पोरी गेल्या त्याच संध्याकाळी तेओफिले माझ्याकडे आली. दारात नेहमीचं काही म्हणाली नाही. आली आणि दार लावून घेतलं. आजपासून शिकवणं बंद, म्हणाली. मी जात्याच फटकळ. मी म्हटलं, बंद करणारी तू कोण, मी वेदीपुढे शब्द दिलाय. ती म्हणाली शब्द तू दिलास, पोरगी माझी जाईल. मी म्हटलं घाबरून घाबरून देवालाच सोडणार का आता?

तेव्हा ती म्हणाली, "तुझं काय जातंय, मोर्ता? तुला पोरगी नाही."

मला ते फार लागलं.  तिच्या कपड्यांना दुधाचा वास येत होता, आणि डोळे असे की रात्रभर झोप नाही. शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. मी शिकवायचं, हळू आवाजात, पडदे ओढून. आणि पोरीला उत्तर न द्यायला तेओफिलेने शिकवायचं.

ती तालीम मी एकदा त्यांच्या घरी पाहिली. विलिया बीटचं सूप पीत होती. तेओफिले बाहेर गेली, बूट वाजवत आत आली आणि जाड आवाज काढून म्हणाली, "येशू ख्रिस्ताची स्तुती असो." पोरीने मान वर केली नाही. चमचा तोंडाकडे जात होता तसाच गेला. ओठ मात्र एकदा हलले. तेओफिले म्हणाली, ओठ हलले, पुन्हा. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. चौथ्या पाचव्या वेळी ओठही हलेनासे झाले. मी हसले. म्हटलं, कुत्र्याला शिकवतेस का पोरीला? तेओफिले हसली नाही.

हळूहळू पोरगी इतकी तयार झाली की माझ्या दारातही काही म्हणेनाशी झाली. मी म्हटलं तरी उत्तर द्यायची नाही, नुसती येऊन अळंब्यांपुढे बसायची. शिकवलेलं मात्र हळू आवाजात बिनचूक म्हणून दाखवायची. मला वाटलं, चला, डोक्यात आहे ना, मग झालं. तोंडाचं काय, तोंड पुढे उघडेल.

मे महिन्यात जीप पुन्हा आली.

मी तिला गिरणीपाशी वळताना पाहिलं आणि शिवण तशीच टाकून गोठ्याकडे पळाले. या खेपेला पाय आपोआप उठले. तेओफिले गाईखाली बसली होती. मी कानाशी लागून सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. थांबवून चालणारच नव्हतं, मुकादमीण दारात उभी होती. शाळेत धावत जावं तर तोच पुरावा. घरात काही दडवण्यासारखं नसेल तर आई दुपारी कशाला धावत येईल, असं विचारलं असतं. म्हणून आम्ही तिथेच. ती पिळत होती, मी उगाच बादली धरून उभी. तिचा हात वेडावाकडा पडला असणार, गाईने लाथ मारली, दूध सांडलं, मुकादमीण ओरडली. तेओफिलेला ऐकूही गेलं नसावं. ती नुसती ओठातल्या ओठात पुटपुटत होती, बोलू नकोस, बोलू नकोस, बोलू नकोस. मी मरियामातेला हाक मारत होते आणि मनात दुसरं काही येत नव्हतं. एकीकडे देवाला विनवायचं आणि तेही कशासाठी, तर पोरीने त्याचं नाव घेऊ नये म्हणून. माझं मलाच कळेना की मी काय मागतेय.

शाळा सुटली. जीप रिकामीच परत गेली. विलिया दप्तर हलवत गोठ्याच्या वाटेने आली.

सगळं तिने नीट सांगितलं. तो काका आला. त्याने ते म्हटलं. कुणीच उत्तर दिलं नाही. मग त्याने तिला जवळ बोलावून चॉकलेट दिलं. तुझे बाबा देवाकडे गेलेत ना, असं विचारलं. ती म्हणाली, बाबा झाडाखाली मेले. मग त्याने खिशातून मरियामातेचं चित्र काढलं आणि ही कोण म्हणून विचारलं. ती म्हणाली, एक बाई आणि तिचं बाळ.

तेओफिलेने तिला असं कवटाळलं की पोरगी गुदमरली. मीही रडले. पोर वाचली, आपली पोर घरात राहिली, यापलीकडे मला तेव्हा काही सुचलं नाही. चॉकलेट आम्ही तिघींनी वाटून खाल्लं.

जून आला. पहिल्या ख्रिस्तप्रसादाआधी फादर एकेका मुलाला आत बोलावून चार प्रश्न विचारतात. मुलांना जमवून शिकवायला बंदी होती, एकेकट्याला विचारायला नव्हती. आमचे फादर लिउदस म्हातारे, सायबेरियाच्या छळछावणीत वर्षं काढून आलेले, एका कानाने बहिरे. वेदीमागच्या खोलीत ते खुर्चीवर बसले होते. अंगात कोट, कारण झगा घालून मुलाशी बोलताना कुणी पाहिलं तर नसती भानगड. तेओफिले आणि मी दाराला पाठ लावून उभ्या. पोरगी मध्ये.

फादर हसून म्हणाले, "येशू ख्रिस्ताची स्तुती असो."

विलियाने त्यांच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे. ओठ घट्ट.

त्यांना वाटलं आपल्याला ऐकू आलं नाही. त्यांनी चांगला कान पुढे केला आणि पुन्हा म्हटलं. ती गप्प. बरं, क्रूसाची खूण करून दाखव, म्हणाले. तिने हात पाठीमागे नेले. भिंतीवरच्या त्या क्रूसावर कोण आहे गं? माहीत नाही, म्हणाली. प्रार्थना येते का कुठली? येत नाही. देव कुठे असतो? नसतो, म्हणाली, आणि तेही अगदी शाळेतल्यासारखं, सरळ उभं राहून.

 हे सगळं मी शिकवलेलं तिला पाठ होतं, आदल्याच दिवशी तिने मला धडाधड म्हणून दाखवलं होतं. मी पुढे झाले आणि म्हटलं, विलिया, हे फादर आहेत, आपले फादर. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीही त्या जीपमधूनच उतरले होते.

मग तेओफिले तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. दोन्ही खांदे धरून म्हणाली, "बाळा, इथे चालतं. इथे कुणी नाही. इथे बोल."

पोरगी मागे सरकली. एक हात तिने गालावर ठेवला.

"तू गोठ्यात पण असंच म्हणालीस," ती म्हणाली. "आता कुणी नाही, आता बोल म्हणालीस. मी बोलले, तर तू मारलंस. मग म्हणालीस, आता खरंच बोल. मग परत मारलंस."

 तेओफिलेचे हात पोरीच्या खांद्यांवरून खाली आले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, फादरांकडे पाहिलं नाही. तिथेच जमिनीवर बसून राहिली.  इतके दिवस मी त्या बॅगवाल्याला भीत होते. त्या खोलीत मला आमचीच भीती वाटली.

फादर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले की हिला नको दटावू, तेओफिले, छळछावणीत मीही असाच बोलायचो. पण जी मागत नाही तिला ख्रिस्तप्रसाद देता येत नाही. पुढच्या वर्षी बघू. मग त्यांनी पुढच्या मुलाला आत पाठवायला सांगितलं.

आम्ही जंगलाच्या वाटेने घरी निघालो. विलिया मध्ये, आम्ही दोघी दोन्हीकडे.  लाकडाचा ट्रक आला तेव्हा तिघी कडेला झालो आणि तो नजरेआड होईपर्यंत तशाच खाली बघत उभ्या राहिलो. सप्टेंबरात शाळा उघडणार होती. तो माणूस पुन्हा येणार होता, ते आम्हाला पक्कं माहीत होतं.

ट्रक गेल्यावर पोरीने आईचा हात ओढला.

"आई, मी बरोबर केलं ना?"

तेओफिले थांबली. मी मनात म्हटलं, नाही म्हण, एकदा तरी नाही म्हण, मग सप्टेंबरचं सप्टेंबरात बघू. पण मी ते मनातच म्हटलं. तोंडाने म्हणायला मीही धजले नाही, कारण मलाही जीपच दिसत होती आणि एक पाय अनवाणी असलेली ती बाई.

"हो," तेओफिले म्हणाली. "बरोबर केलंस."

पोरीचा जीव भांड्यात पडला. तिने आमचे हात सोडले आणि उड्या मारत पुढे निघाली, आणि आम्ही दोघी तिच्या मागून चालत राहिलो.