टांगायचा की टेकवायचा

थोरल्याने निवडलेली फ्रेम चांगलीच होती, त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. रुंद काळी पट्टी, आत करड्या पुठ्ठ्याचा माउंट, खाली पितळेच्या पाटीवर बाबांचं नाव आणि दोन तारखा. फोटो ऑफिसातला, कोट घातलेला. कोट साहेबांचा मागून आणलेला होता, पण फोटोत ते थोडंच कळतं! थोरल्याने स्वतः स्टुलावर चढून सोफ्यासमोरच्या भिंतीत खिळा ठोकला, मागे सरून फ्रेम सरळ लागली का ते पाहिलं, डोळे पुसले आणि आपल्या गावी निघून गेला. घरात उरल्या आई आणि धाकटी.

आईला काही आठवत नसे. आधी चष्मा, मग शेजारणीचं नाव, मग गॅस, असं करत करत ते दुखणं बाबा असतानाच वाढलेलं होतं. बाबा गेले त्या दिवशी ती ऊर फुटेस्तोवर रडली आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरली. पण फोटो लागल्यापासून रोज सकाळी ती चहा घेऊन सोफ्यावर बसायची, समोर पाहायची आणि हातातला कप कलंडायचा.

"अगं, हे काय? कधी झालं? मला कुणी सांगितलं कसं नाही?"

मग धाकटी सांगायची. पहाटे गेले, झोपेत गेले, त्रास झाला नाही. माणूस एकदाच मरतो म्हणतात, पण या बाईचा नवरा रोज चहाच्या वेळी मरत होता आणि ती बातमी रोज लेकीनेच द्यायची होती. आईला सावरता सावरता धाकटीचं स्वतःचं रडणं राहूनच गेलं.

शेवटी तिने मन घट्ट केलं. आई अंघोळीला गेली असताना फ्रेम उतरवली, चादरीत गुंडाळली आणि कपाटात उभी केली. अल्बममधून दुसराच एक फोटो काढला. बाबा बाल्कनीत, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कॉलरची एक बाजू आत दुमडलेली आणि तोंडभर हसू. फोटो आईने काढलेला, म्हणून कोपऱ्यात तिचं बोटही आलेलं. तो घेऊन ती मागच्या गल्लीतल्या फ्रेमवाल्याकडे गेली.

दुकान कसलं, बोळच होता तो. भिंतीभर पट्ट्यांचे तिरपे कापलेले कोपरे लटकत होते. फ्रेमवाल्याने फोटो उजेडात धरला.

"टांगायचा की टेकवायचा?"

"म्हणजे?"

"टांगायचा असेल तर मागे कडी लावतो. टेबलावर टेकवायचा तर मागे पाय. माणूस गेलेला असला की लोक टांगतात, घरात असला की टेकवतात. तसा काही नियम नाही, पण मी आपलं बघत आलोय."

धाकटीने फोटोतल्या हसण्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "टेकवायचा."

"वा!" फ्रेमवाला खुलला. फिकट लाकडाची एक बारीक पट्टी फोटोच्या कडेला लावून त्याने मान तिरकी केली. "ही बघा. हसऱ्या माणसाला काळं-बिळं शोभत नाही. आणि हे बोट माउंटखाली दडवू का?"

"नको. बोट दिसू दे."

"बरं. पण काकांना माझा निरोप सांगा. फोटो काढताना कॉलर नीट करत जा म्हणावं."

"सांगते," ती म्हणाली. तेवढ्या दुकानापुरते बाबा घरी पेपर वाचत बसलेले होते. ते खोटं इतकं गोड लागलं की तिची तिलाच भीती वाटली.

नवी फ्रेम सोफ्याजवळच्या टेबलावर, सहलीच्या फोटोंमध्ये बसली. सकाळी आईने ती पाहिली आणि कपाळावर हात मारला. "ही कॉलर! सांगून सांगून थकले मी. कुठे गेलेत?"

"बाहेर गेलेत. येतील."

"किल्ली नेलीय ना?" एवढं विचारून आईने चहा संपवला.

त्यानंतरच्या सकाळी अशाच गेल्या. दुपारी आई झोपली की धाकटी कपाट उघडायची, चादर बाजूला सारायची. आता तरी रडावं म्हणायची, पण कोटातल्या त्या परक्या गृहस्थासमोर तिला रडू येईना.

पुढे थोरला आला आणि त्याला मोकळा खिळा दिसला. त्याने बहिणीला स्वयंपाकघरात गाठलं.

"बाबांना कपाटात कोंबलंस?"

"हळू बोल, दादा."

"ते असल्यासारखं नाटक करायचं? त्यांना काही मान आहे की नाही?"

"त्यांना मान आणि आईला रोजचं मरण? तूच राहा इथे. रोज सकाळी तूच सांग तिला. मग खुशाल टांग."

थोरला तणतणत बाहेर आला. आई ती लहान फ्रेम मांडीवर घेऊन बसली होती.

"आलास? बरं झालं. अरे, हे कुठे गेलेत? कधीची वाट बघतेय मी."

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आता हा एक शब्द बोलला की झालं. थोरल्याने तोंड उघडलं, आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पुन्हा मिटलं.

"कामाला गेलेत, आई," तो म्हणाला. "येतीलच एवढ्यात."

आता या घरात बाबा गेले असं म्हणणारं कुणीच उरलं नव्हतं. ते ध्यानात आलं आणि धाकटीचा बांध फुटला. दाराला धरून, "बाबा, बाबा" करत ती हमसून हमसून रडली.

आईने फ्रेम जपून टेबलावर टेकवली, उठून आली आणि लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"काय गं ठमे? एवढी घोडी झालीस आणि बाबा दिसले नाहीत म्हणून रडतेस? वेडी कुठली. येतील ते. मला न सांगता कधी कुठे गेलेत का?"