भिंतीवरचा अंक

माझा नवरा कार्लाइल हॉलिगन दातांचा डॉक्टर. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण याचं भरलं, आणि वर वेस्ट इंडीजबद्दलची जुनी पुस्तकं नि कागदपत्रं जमवायचा छंदही पोसला गेला. ब्रिजटाउनच्या आमच्या घरातली सगळ्यात थंड खोली त्या कागदांची. ऑगस्टमध्ये मी घामाने निथळते आणि उसाच्या मळेवाल्यांचे नकाशे एसीत झोपतात. कुणाच्या तरी पणजोबाला गुलाम म्हणून विकल्याची किंमत ज्यावर लिहिलीय, तो कागद या शहाण्याने त्याहून मोठी किंमत मोजून लंडनहून आणवला. वाचत मात्र काही नाही. पांढरे हातमोजे घालून हुंगतो.

फेब्रुवारीत तो माझ्याबरोबर गावाकडे, सेंट अँड्रूला, ऑडेसा मावशीकडे आला, हेच मुळात नवल. मावशीने मला वाढवलं ते तिथल्या फळ्यांच्या घरात. आमची रीत अशी, की नाताळ आला की पडदे बदलायचे, अंगणात पांढरी चुनखडी पसरायची, आणि मैद्याची खळ करून भिंतींवर नवी वर्तमानपत्रं चिकटवायची. जुनी काढायची नाहीत, त्यांच्यावरच. मावशीच्या आजीपासूनचे नाताळ त्या भिंतींवर एकावर एक बसलेले. कोपऱ्यात एक पापुद्रा सुटला होता. कार्लाइलने तिथे नाक लावलं आणि तळातल्या अंकाची तारीख बघून ओरडलाच.

"मावशी, हा अंक जगात कुठेच उरलेला नाही! मला सोलू द्या."

"आणि माझं घर?"

"घराला काही होत नाही हो. मी रोज लोकांच्या तोंडात काम करतो, हिरडीला कळतसुद्धा नाही."

"तुमचं ते न कळणं माझ्या अजून लक्षात आहे," मावशी गाल चोळत म्हणाली. "हे बघा जावईबापू, मला याच घरात मरायचंय. तेवढं सांभाळा."

"शब्द देतो."

मी नको नको म्हणत राहिले. पण माझं ऐकायला मी काही दोनशे वर्षांची नव्हते.

मग हा वाफेचं यंत्र आणि दाताची हत्यारं घेऊन आला आणि भिंती सोलत बसला. आतल्या फळ्या वाळवीने कधीच संपवल्या होत्या. घर उभं होतं ते खळीच्या आणि कागदाच्या जिवावर. शेवटचा अंक सुटला, भिंत कलली, आणि छप्पर खाली आलं. मावशी अंगणात होती म्हणून वाचली. कार्लाइल अंक छातीशी धरून बाहेर पळाला. मावशीची झुलती खुर्ची आतच राहिली.

"फळ्याच कुजक्या होत्या," तो म्हणाला. नाचता येईना, अंगण वाकडं! त्या क्षणी मला त्याचा इतका तिटकारा आला की सांगता सोय नाही. मावशीने ढिगाऱ्यातून खळीचं पातेलं तेवढं उचललं.

मावशी आमच्याकडे आली. रिकामी खोली नव्हती, म्हणून मी तिची खाट त्या थंड खोलीतच टाकली. तो कुरकुरला, तर म्हटलं, मग तिचं घर बांध. "बांधू की," तो म्हणायचा, आणि पुन्हा लिलावाची यादी चाळायला लागायचा. मावशीने पहिल्याच दिवशी एसी बंद केला. हाडं दुखतात म्हणाली.

डिसेंबरात साहेब लिलावासाठी लंडनला गेले. परत आले ते नाताळच्या आदल्या दिवशी. ओव्हनमध्ये हॅम होता, पण घरभर वास सुटला होता खळीचा.

खोलीच्या चारी भिंती भरल्या होत्या. नकाशे, विक्रीचे कागद, झाडून सगळं. खाटेच्या उशाशी तो अंक. खळ मी ढवळली होती, आणि छान ढवळली होती.

"मावशी!" कार्लाइल भिंतीकडे धावला. "अहो, हा जगात एकच उरला होता!"

मावशीने अंकाखालचा एक फुगा तळव्याने सपाट केला.

"मग बरंच झालं की, आता हरवायचा नाही. पण सोलू बिलू नका हं, जावईबापू. मला आता याच घरात मरायचंय."